अनुभव धागा: तुमच्या रस्त्यावरचा जुना कमानीचा पूल

मागच्या रविवारी उमरेडहून गावी जाताना नाल्याजवळ गाडी थांबवली. नवा सपाट पूल झाल्यापासून बाजूचा काँक्रीटचा कमानी पूल तसाच पडून आहे. खाली उतरून कमानीच्या पोटावर हात फिरवला, तर सेंटरिंगच्या, म्हणजे काँक्रीट ओतताना खाली आधाराला लावलेल्या फळ्यांचे ठसे लागले. एका जागी लाकडाची गाठसुद्धा उमटली आहे. पुलावर ना पाटी, ना साल. नागपूर जिल्ह्यातल्या अशा पुलांबद्दल जे पाहिलं, घरी ऐकलं, ते इथे लिहा.

कुहीकडचा शेतकरी
पोळ्याच्या आदल्या दिवशी गावातले सगळे बैल आमच्या पुलाखालीच धुवायचे. कमानीखाली हाक मारली की आवाज घुमायचा, नवे गोऱ्हे बिचकायचे. बाबा आधी त्यांच्या पाठीवर ओंजळीनं पाणी सोडत. संध्याकाळी घरी पळसाच्या पानानं खांद्याला हळद-लोणी लावायचं अन् म्हणायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." आता आमच्याकडे ट्रॅक्टर आहे. बैलबंडी विकली, पण त्या पुलाखालून गेलो की हाक मारतोच.

निवृत्त ओव्हरसियर, काटोल
काँक्रीट दाब सोसतं, ताण सोसत नाही. कमानीत भार दोन्ही काठांकडे ढकलला जातो, म्हणून काँक्रीट बहुतेक दाबातच राहतं. हे पूल टिकले ते यामुळे. पण सगळा जोर काठांवर येतो, म्हणून पुरानं पाया खरवडला की कमान धोक्यात. आम्ही पूर ओसरला की आधी पाया बघायचो, मग पांढरे ओघळ. ओघळ म्हणजे पाणी आतून झिरपतंय. जिथे सळई आहे तिथे ती गंजून फुगते आणि वरचं काँक्रीट फोडते. सांध्यात पिंपळ उगवला तर बोटाएवढा असतानाच काढावा. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात गेला, एस.टी.च्या दोन गाड्या वाहून गेल्या. तेव्हापासून जुना पूल दिसला की मी खाली उतरून पाहतोच. "इतकी वर्षं उभा आहे" याला मी तपासणी मानत नाही.

कामठी
आमचा कन्हानवरचा जुना पूल दगडी, छावणीच्या गावचा, म्हणून त्याचं नाव तरी लोकांच्या तोंडी आहे. आडरस्त्यावरच्या काँक्रीटच्या पुलांना तेही नाही. धागा काढलात, बरं केलंत.

शिक्षिका, भिवापूर तालुका
लग्न होऊन आले त्या पावसाळ्यात शाळेतून परतताना एस.टी. पुलाअलीकडे थांबली. कंडक्टर खाली उतरले, कमानीजवळचा लाल पट्टा पाण्याखाली गेलेला पाहून परत आले आणि ड्रायव्हरला नुसती मान हलवली. कुणी हुज्जत घातली नाही. पाणी उतरेपर्यंत दोन तास गाडीतच बसलो. शेजारच्या मावशींनी पदरातले फुटाणे वाटले. सासरच्या गावाशी माझी ओळख त्या गाडीत झाली. नवा पूल बांधताना उरलेला मलबा याच कमानीत लोटला, तो पट्टा आता त्याखाली आहे.

धागाकर्ता
ताई, त्या पट्ट्याचा जुना फोटो कुणाकडे असेल का? वरातीचा, पुराचा, कसलाही चालेल. मागे कठडा दिसला तरी पुरे.