नाताळातील न्युर्नबर्ग : आपले अनुभव लिहा

जर्मनीतील न्युर्नबर्गचा नाताळबाजार पाहण्यासाठी भारतातून येणारी मंडळी पुष्कळदा २५ डिसेंबरच्या आसपासची तिकिटे काढतात आणि नेमका तेव्हा बाजार उठलेला असतो. ॲडव्हेंटच्या, म्हणजे नाताळापूर्वीच्या सुमारे चार आठवड्यांच्या काळाच्या, पहिल्या रविवारआधीच्या शुक्रवारी फ्राउएनकिर्शे या चर्चच्या सज्जातून ख्रिस्तकिंड, म्हणजे दर दोन वर्षांनी निवडली जाणारी एक तरुणी, बाजाराचे उद्घाटन करते आणि २४ तारखेला दुपारी तो संपतो. पुढचे दोन्ही दिवस सार्वजनिक सुट्टीचे असतात. बाजार असताना किंवा तो उठल्यावर ज्यांनी हे शहर पाहिले, त्यांनी काय पाहिले, काय खाल्ले आणि वयस्कर माणसांना काय झेपले, हे कृपया सविस्तर लिहावे.

एर्लांगेनकर

माझे सासू-सासरे सांगलीहून आले होते आणि दोघेही अंडे खात नाहीत, त्यामुळे प्रत्येक दुकानात विचारूनच पुढे जावे लागले. येथील लेबकुखेन, म्हणजे मसालेदार केकसारखे बिस्किट, प्रसिद्ध आहे आणि त्यातील एलिझेन प्रकारात किमान २५ टक्के सुकामेवा व जास्तीत जास्त १० टक्के पीठ असते. पण पीठ इतके कमी असल्यामुळे ते बांधायला अंड्याचा पांढरा भाग वापरतात, हे शाकाहारी पाहुण्यांना आधीच सांगावे. बटाट्याच्या किसाच्या थालीपिठासारख्या पदार्थातही बहुधा अंडे असते. भाजलेले चेस्टनट आणि साखरेत घोळवलेले बदाम मात्र दोघांनी मनापासून खाल्ले. मद्य नको असेल तर किंडरपुन्श, म्हणजे फळांच्या रसाचे गरम पेय, मागावे. कपाची अनामत रक्कम पेयाच्या किमतीबरोबर घेतात आणि कप परत केला की ती मिळते.

सासूबाई सर्वांत जास्त वेळ रमल्या त्या सुक्या आलुबुखाराच्या बाहुल्यांपाशी. तारेत ओवलेल्या सुरकुतलेल्या फळांचे हातपाय, अक्रोडाचे डोके, त्यावर रंगवलेले डोळे आणि अंगावर चिंध्यांचे नीट शिवलेले कपडे, असे ते त्स्वेचगेनमेन्ले पाहताना त्यांना आमच्या घरच्या भातुकलीची आठवण झाली. माझ्या मते या बाजारातून घरी न्यावी अशी वस्तू हीच.

कोथरूडची लेक

आईचे गुडघे दुखतात, म्हणून आम्ही मुद्दाम आठवड्यातल्या कामाच्या दिवशी सकाळी गेलो. शनिवारी संध्याकाळी हाउप्टमार्क्टवर, म्हणजे बाजार भरतो त्या मुख्य चौकात, गर्दीच पुढे ढकलत नेते, हे मी पूर्वी पाहिले होते. दुपारी बाराला फ्राउएनकिर्शेच्या दर्शनी भागावरील घड्याळातील सात इलेक्टरांच्या, म्हणजे सम्राट निवडणाऱ्या अधिपतींच्या, बाहुल्या बाहेर येऊन सम्राट चौथ्या चार्ल्सभोवती तीन फेऱ्या घालतात. सम्राटाच्या निवडीचे नियम ठरवणाऱ्या १३५६ च्या गोल्डन बुल या फर्मानाची ही आठवण आहे. किल्ल्याकडे जाणारा चढ दगडी फरसबंदीचा आहे आणि थंडीत तो निसरडा होतो, त्यामुळे आम्ही तो टाळला.

म्युनिकवासी

मी मुद्दाम २५ तारखेला गेलो आणि तसेच जावे असे आग्रहाने सांगेन. दुकाने बंद असल्यामुळे लोरेन्झकिर्शे हे चर्च शांतपणे पाहता आले. वेदीसमोर उंचावर टांगलेले, शिल्पकार फाइट श्टोसने १५१७-१८ मध्ये लाकडात कोरलेले येशूची आई मेरी आणि देवदूत गॅब्रिएल यांचे शिल्प युद्धकाळात किल्ल्याखालच्या खडकातील तळघरात ठेवले होते, म्हणून ते वाचले; जुने शहर मात्र २ जानेवारी १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जवळजवळ उद्ध्वस्त झाले. त्याच चर्चमध्ये सुमारे वीस मीटर उंच दगडी मनोऱ्याच्या तळाशी गुडघ्यावर बसून तो मनोरा खांद्यावर तोलणारा, हातात हातोडा आणि छिन्नी घेतलेला माणूस आहे. तो आडाम क्राफ्ट, हा मनोरा घडवणारा शिल्पकार स्वतःच. राजे आणि संत यांच्या गर्दीत कारागिराला इतक्या ठसठशीतपणे बसलेले मी दुसरीकडे पाहिलेले नाही. नाताळात तेथे उपासना चालू असते, तेव्हा ती संपेपर्यंत थांबावे आणि मगच हिंडून पाहावे. अंधार साडेचारच्या सुमारास पडतो, म्हणून रंगीत काचांच्या खिडक्या पाहायच्या असतील तर दुपारच्या आत पोहोचावे.