मदत हवी आहे: पेटती बनाटी फिरवणाऱ्यांच्या पोशाखासाठी कोणते कापड घ्यावे?

रंकाळाकाठ: शिवजयंतीच्या मिरवणुकीत आमच्या आखाड्याचे मर्दानी खेळ आहेत. त्यात पेटती बनाटी, म्हणजे टोकांना जळते पलिते लावलेली काठी, फिरवायची आहे. दुकानदार साटीनचे तयार पोशाख स्वस्तात देत असून आगाऊ रक्कम उद्याच द्यायची आहे. हे कापड चालेल का, एवढेच कृपया लवकर सांगावे.

शिवणकाम: बनाटी कोण फिरवणार, मुले की मोठी माणसे? मुली नऊवारीत आहेत का? तूर्त एवढेच सांगते, की साटीन घेऊ नका. स्वस्त साटीन बहुधा पॉलिएस्टरचे असते. ते साधारण २५० ते २६० अंश सेल्सिअसला वितळते आणि कातडीला चिकटते. सुती कापडही पेट घेते, परंतु वितळत नाही. कापडाचा एक धागा चिमट्यात धरून जाळून पाहा. कागद जळल्यासारखा वास येऊन भुरभुरीत राख पडली तर तो सुती. टोकाला कडक मणी उरला, तर दुकानदार काहीही म्हणो, कापड परत करा. टेरीकॉटही नकोच, त्यातही पॉलिएस्टर मिसळलेले असते.

जुना वस्ताद: सात भाग टाकणखार (बोरॅक्स) आणि तीन भाग बोरिक पावडर पाण्यात विरघळवून त्यात सुती कपडे भिजवून वाळवावेत, म्हणजे ते सहज पेट घेत नाहीत. आम्ही वर्षानुवर्षे हेच करत आलो आहोत.

शिवणकाम: वस्ताद, ते धुण्यात निघून जाते आणि पोरे मात्र संरक्षण आहे असे समजून निर्धास्त राहतात. त्यापेक्षा घट्ट विणीचे जाड सुती कापडच घ्यावे.

जुना वस्ताद: दर खेळाआधी पुन्हा भिजवावे, असेच माझे म्हणणे आहे.

कोकणकडा: पलित्यासाठी पेट्रोल मुळीच वापरू नका. भाजल्यास वीस मिनिटे नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरावे. टूथपेस्ट लावू नये.

रंकाळाकाठ: प्रश्न कपड्यांचा आहे. बनाटी मोठी मुले-मुली फिरवतील. मुली नऊवारीतच आहेत. फेट्यांसाठी मात्र जॉर्जेट आधीच आले आहे.

शिवणकाम: मग खरी काळजी फेट्याचीच आहे, कारण जॉर्जेटही बहुधा पॉलिएस्टरचेच असते आणि बनाटी डोक्यामागून फिरते तेव्हा पाठीवर सोडलेला शेमला (फेट्याचे मोकळे टोक) तिच्या वाटेत येतो. फेटा सुतीच बांधावा आणि शेमला आत खोचावा. नऊवारीही सुती, बिनजरीची असावी. काष्टा घट्ट आणि पदर कमरेला पक्का खोचलेला हवा. बाह्या अंगाबरोबर असाव्यात, शेला तर नकोच.

जुना वस्ताद: हे मात्र अगदी बरोबर आहे. पलिते पेटवण्याआधी निथळून घ्या, ज्याच्या कपड्यावर रॉकेल उडेल त्याला कपडे बदलल्याशिवाय रिंगणात उतरवू नका आणि कडेला लोकरीची घोंगडी घेऊन एक जाणता माणूस उभा ठेवा.

रंकाळाकाठ: साटीन रद्द केले आहे. मांजरपाट (जाडेभरडे सुती कापड) भगवा रंगवून देणारा कोणी कोल्हापुरात असल्यास कृपया कळवावे.