लेहच्या फील्ड हॉस्पिटलला फराळ पाठवताना

लेहच्या लष्करी फील्ड हॉस्पिटलमधल्या लोकांना फराळ पाठवायचा म्हटलं की काहीजण सोबत औषधं, बँडेजही पाठवायचं म्हणतात. ते टाळा. लष्कराला औषधं त्यांच्या स्वतःच्या मेडिकल स्टोअर्स डेपोतून जातात. बाहेरून आलेली गोळी कोणताही आर्मी डॉक्टर रुग्णाला देणार नाही.

माझी मावसबहीण मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये आहे. लेहला असताना तिची मागणी एकच असायची, हँडक्रीम. कोरडी थंडी आणि दिवसभर हात धुणं, त्यामुळे बोटांना भेगा पडतात. क्रीम ट्यूबमधलं घ्या, बाटली गळते. लेह 11,500 फुटांवर आहे, हवाबंद पाकिटं तिथे फुग्यासारखी टम्म होतात. चिवडा डब्यात भरा. चकलीचा चुरा होणार (खातात तरीही!), शंकरपाळी मात्र धडधाकट पोचते. आणि एकाच्या नावाने पाठवलं तरी वॉर्डबॉयपासून सर्जनपर्यंत सगळ्यांना पुरेल इतकं भरा.

पत्त्यावर गावाचं नाव घालायचं नाही. हुद्दा, नाव, युनिट आणि 'मार्फत 56 एपीओ' (एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस). ज्यांना पाठवायचं ते देशाच्या पूर्वेकडे तैनात असतील तर 99 एपीओ. पिनकोड 9 ने सुरू होतो, तो त्यांच्याकडूनच विचारून घ्या. पार्सल पोस्टानेच टाका, या पत्त्यावर खासगी कुरियर चालत नाही. दिवाळीचं असेल तर नवरात्रातच निघायला हवं.