शाळा जोडल्या म्हणून मुलं टिकली? चीनचा दाखला अर्धवट देऊ नका

पाटीपेन्सिल: समूह शाळांच्या (कमी पटाच्या शाळा बंद करून जवळच्या एका मोठ्या शाळेत जोडायच्या) धाग्यावर एकाने ठोकून दिलंय, "चीनने छोट्या शाळा बंद करून मोठ्या केल्या, म्हणून तिथली मुलं नववीपर्यंत टिकली." साफ उलटं आहे. २००१ पासून विलीनीकरणाचा धडाका लागला. २००० मध्ये ग्रामीण प्राथमिक शाळा ४ लाख ४० हजार होत्या, २०१० मध्ये उरल्या २ लाख १० हजार. पहिली-दुसरीची पोरं वसतिगृहात गेली, घरचा खर्च वाढला, गळतीही वाढली. शेवटी २०१२ मध्ये सरकारनेच ब्रेक लावला.

घाटमाथा: पाच मुलं, तीन इयत्ता, एक शिक्षक. तिथे इंग्रजी-विज्ञान कोण शिकवणार? बस द्या, प्रश्न मिटतो.

पाटीपेन्सिल: बस? नोव्हेंबर २०११, गान्सू प्रांत: नऊ आसनांच्या गाडीत ६४ जण कोंबलेले, २१ जीव गेले. मुलं टिकायला फीमाफी कामी आली. २००६ ला पश्चिमेकडची खेडी, २००७ ला सगळा ग्रामीण भाग, २००८ ला शहरं. शिवाय गरीब निवासी मुलांना राहण्याचं अनुदान.

चूलबोळकं: आणि जेवण! चीनच्या २०११ च्या शालेय पोषण योजनेत प्रत्येक मुलामागे दिवसाला ३ युआन, २०१४ ला ४, २०२१ ला ५. हा पैसा फक्त अन्नावर खर्चायचा. स्वयंपाक्याचा पगार स्थानिक प्रशासनाने द्यायचा. जिथे तो निघत नसे तिथे चूल पेटायचीच नाही, दूध आणि पाव वाटून मोकळे. गरम भात-भाजी हवी तर आधी पाणी, भांडी, माणूस लागतो. आपल्याकडेही स्वयंपाकी-मदतनिसांच्या मानधनाचं रडगाणं तेच!

घाटमाथा: धागा गळतीचा आहे, खिचडीचा नाही!

चूलबोळकं: उपाशी पोर वर्गात बसत नाही, म्हणून खिचडीचाच आहे.

आकडेमोड: दोघेही प्राथमिकवर अडलात. खेड्यातली खरी गळती आठवीत. नववीनंतरच्या प्रवेश परीक्षेतून सगळेच सामान्य (म्हणजे व्यावसायिक नसलेल्या) उच्च माध्यमिकला जात नाहीत. मागे पडलेल्या पोराला ते आठवीतच कळतं आणि कारखान्याची मजुरी समोर दिसते. शाळेचं मोजमाप निकालावर, त्यामुळे कच्चा मुलगा गेला तर त्याला अडवायला कोणी धावत नाही. स्थलांतरितांच्या मुलांना तर हुकोऊमुळे (मूळ गावाशी बांधलेली सरकारी कुटुंबनोंदणी) परीक्षेसाठी अनेकदा मूळ प्रांतात परतावं लागतं. यातलं काहीच मोठ्या इमारतीने सुटत नाही.

घाटमाथा: नुसती बस पुरत नाही, मान्य. विषयशिक्षकाचं काय, ते अजून कोणीच सांगितलेलं नाही.

पाटीपेन्सिल: शिक्षक फिरवा, पोरं नको. २०१२ च्या आदेशात पहिली ते तिसरी शक्यतो घराजवळ, वसतिगृह नाही. आणि शंभराहून कमी पटाच्या गावशाळेला चालू खर्चाचे पैसे शंभर मुलांच्या हिशेबाने. पट कमी म्हणून कुलूप लावण्याआधी हा हिशेब इथे करून दाखवा.