ब्रुअरीला जाऊन आलो, पुढच्या तुकडीसाठी थोडं

मंडळी, नमस्कार,

शनिवारी आपण अकराजण बिअर बनवणाऱ्या एका छोट्या ब्रुअरीत जाऊन आलो, ज्यांना जमलं नाही ते विचारतायत म्हणून लिहितोय. पहिलं सांगणं हेच की ग्लास हातात घ्यायच्या आधी आत टाक्यांपर्यंत जाऊन या. आम्ही उलटं केलं, आधी प्यायलो मग बघितलं, आणि बघून आल्यावर वाटलं आता परत पहिल्यापासून चाखायला हवं होतं.

आत त्यांनी आधी तळहातावर माल्ट दिलं, म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली. साधी चावली तर गोडसर लागते आणि काळीकुट्ट भाजलेली चावली की थेट कॉफी. स्टाउट या काळ्या बिअरमधला कॉफीचा वास तिथूनच येतो, त्यात कॉफी घातलेलीच असते असं नाही! मग हॉप्सचं, म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणाऱ्या वेलीचं, एक बोंड दिलं, ते दोन्ही तळव्यांत चोळायचं, आतली पिवळी पूड हाताला चिकटते आणि असा काही वास सुटतो की घरी येईपर्यंत मी हात हुंगत होतो. दळलेलं माल्ट साधारण 65 ते 68 अंश गरम पाण्यात तासभर ठेवतात, त्यात स्टार्चची साखर होते, मग ते गोड पाणी गाळून हॉप्स घालून तास-दीड तास उकळायचं. सुरुवातीला घातलेल्या हॉप्सने कडूपणा येतो, शेवटी घातलेल्यांनी वास, कारण वासाची तेलं उकळताना उडून जातात. एवढं कळल्यावर आयपीए, म्हणजे भरपूर हॉप्सची कडू बिअर, प्यायची मजाच वेगळी.

पण मला सगळ्यात भारी वाटली ती गव्हाची बिअर. नाकाजवळ नेली तर पिकलेलं केळं, मागून लवंग, आणि आत केळंही नाही लवंगही नाही, सगळी करामत बिअर आंबवणाऱ्या यीस्टची. आंबवायच्या टाकीतून एक नळी पाण्याच्या बादलीत सोडलेली होती, ती सारखी बुडबुडत होती, तिथून मला हलवायला दोघं लागले.

एक चूक झाली, मी सुरुवातच आयपीएने केली, त्यानंतर पिल्सनर ही हलकी बिअर नुसती पाण्यासारखी लागली. हलकीपासून कडू आणि काळ्या बिअरकडे जा.

---

उत्तर:

दादा, फार छान लिहिलंत. दोन गोष्टी विचारायच्या आहेत. मी अजिबात पीत नाही पण हे सगळं बघायला आवडेल, आलेलं चालेल का? आणि बव्हेरियात 1516 साली बिअरचा कायदा झाला त्यात बार्ली, हॉप्स आणि पाणी एवढंच होतं असं वाचलंय, मग यीस्टचं काय?

---

उत्तर:

ताई, यीस्टचं मी सांगतो, मी ब्रुअरीतल्या माणसाला अर्धा तास हेच विचारत होतो. त्या काळी यीस्ट म्हणजे काय हेच माहीत नव्हतं हो. आधीच्या घाण्यातला गाळ पुढच्यात घालत असतील पण तो जिवंत आहे हे कुणाला ठाऊक? फ्रेंच शास्त्रज्ञ पाश्चरचं बिअरवरचं पुस्तक आलं 1876 ला, आणि कोपनहेगनला कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत हान्सेन या शास्त्रज्ञाने 1883 मध्ये एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवलं, तेव्हा कुठे दर वेळी तीच चव मिळायची खात्री झाली. एल आणि लागर या बिअरच्या दोन मुख्य प्रकारांतला फरकसुद्धा मुळात यीस्टचाच. एलचं यीस्ट उबेत चटकन काम करतं, लागरचं थंडीत सावकाश, आणि मग लागर गोठणबिंदूच्या आसपास कित्येक आठवडे ठेवतात, त्याशिवाय तो स्वच्छपणा येत नाही. पिल्सनर ही लागरच, म्हणून चांगली पिल्सनर छोट्या ब्रुअरीची खरी परीक्षा असते असं मला वाटतं, आयपीएत हॉप्सखाली बरंच लपतं, पिल्सनरमध्ये काही लपत नाही.

---

उत्तर:

काका, अगदी पटलं, म्हणजे मी तीच ऐन वेळी चुकीच्या क्रमाने घेतली 🙏

ताई, नक्की या. माल्ट चावायला, हॉप्स चोळायला पिणारा कशाला लागतो, आणि उकळायच्या आधीचं ते गोड पाणी मागा, त्यात अल्कोहोल नसतं, आमच्यातल्या न पिणाऱ्या दोघांना तेच सगळ्यात आवडलं.

बाकीच्यांना एकच, चाखायला मिळणारे चार छोटे ग्लास दिसतात किरकोळ, पण 120 मिलीचे चार म्हणजे जवळपास अर्धा लिटर होतं आणि त्यातली एखादी स्टाउट 8–9 टक्क्यांची असू शकते. मध्ये पाणी प्या, सगळं संपवलंच पाहिजे असं नाही, घोटभर घेऊन ठेवून दिलेलं चालतं. आणि गाडी कोण चालवणार ते निघायच्या आधी ठरवून इथे कळवा, त्या माणसाने एक ग्लाससुद्धा घ्यायचा नाही. पुढच्या वेळी मी चालवतो, माझं चाखून झालंय.