'इमोशनल इंटेलिजन्स'ला बोलीत काय म्हणाल?

प्रश्न: टीम लीडरांच्या प्रशिक्षणाचा मजकूर मराठीत करतेय. 'भावनिक बुद्धिमत्ता' सगळीकडे दिसतं. पण 'आमच्या साहेबांना भावनिक बुद्धिमत्ता नाही' असं कोणी म्हणतं का? रुळलेला शब्द हवाय.

प्रतिसाद: संज्ञा म्हणून तेच ठेवा. मानसशास्त्रज्ञ सॅलोवे आणि मेयर यांनी १९९० च्या लेखात ही क्षमता म्हणूनच मांडली, आपल्या आणि दुसऱ्याच्या भावना ओळखून त्यांचा विचारात उपयोग करण्याची. म्हणून 'बुद्धिमत्ता'. खटकतं ते 'भावनिक'. बोलण्यात 'भावनिक होऊ नका' म्हणजे हळवे होऊ नका. त्यामुळे ऐकणाऱ्याला नेमका उलटा अर्थ लागतो.

प्रतिसाद: शब्द आहे की! पोच. 'हुशार आहे, पण पोच नाही' हे वाक्य प्रत्येकाने कुणाबद्दल तरी म्हटलेलं असतं. कुठे, कुणापुढे, काय बोलावं याची समज.

माझाच अनुभव. वडील अतिदक्षता विभागात होते, मी रात्री साहेबांना रजेचा ईमेल केला. सकाळी उत्तर आलं: 'अर्जाची पोच देत आहे. प्रलंबित कामांची यादी पाठवावी.' नियमात चूक काहीच नव्हती. अर्जाची पोच मिळाली, साहेबांना मात्र पोच नव्हती! वडील कसे आहेत, एवढं आधी विचारलं असतं तर यादी मी आनंदाने पाठवली असती.

प्रश्नकर्ती: 'पोच' आवडला. पण स्वतःचा राग ओळखणं, आवरणं त्यात बसतं का? नेतृत्वावरच्या १९९८ च्या लेखात मानसशास्त्रज्ञ गोलमन यांनी भावनिक बुद्धिमत्तेची पाच अंगं सांगितली आहेत, त्यातली पहिली दोन, स्वतःची जाणीव आणि स्वनियमन, स्वतःशीच निगडित आहेत.

प्रतिसाद: नाही बसत. पोच समोरच्याकडे बघते. स्वतःसाठी 'भान' घ्या. बैठकीत आवाज चढल्यावर आपल्या लक्षात येतं ते भान, आणि पुढचं वाक्य गिळता येतं तो आवर. 'स्वनियमन' म्हटलं की मला परिपत्रक आठवतं.

प्रतिसाद: जाता जाता, 'एम्पथी'ला, म्हणजे दुसऱ्याच्या भावना त्याच्या जागी राहून समजून घेण्याला, 'सहानुभूती' म्हणू नका. मराठीत तिला दयेचा वास येतो. 'परानुभूती' नेमका आहे, पण कोरडा. कृती सांगायची असेल तर 'कलाने घेणे' बघा. चिडलेल्या सहकाऱ्याच्या कलाने घेणारा लीडर लगेच डोळ्यांपुढे उभा राहतो.

प्रतिसाद: कलाने घेणं म्हणजे लाड करणं, असा अर्थ काढणारेही भेटतील. मुद्दा न सोडता समोरच्याच्या कलाने घ्यायचं, हे उदाहरणातच दाखवा.

प्रश्नकर्ती: ठरलं. शीर्षकात 'भावनिक बुद्धिमत्ता', आत 'पोच' आणि 'भान'.

प्रतिसाद: फक्त 'पोच असलेला अधिकारी' असं सुटं लिहू नका. वाचणारे म्हणतील, वरपर्यंत ओळख आहे वाटतं!