मदत हवी आहे : विमानतळाजवळची शर्यतीची कबुतरे दुसरीकडे कशी हलवावीत?

नमस्कार.

मी जुन्या पनवेलमध्ये राहतो. आमच्या गच्चीवर वडिलांच्या वेळेपासून कबुतरांची ढाबळ आहे. वडील गिरेबाज जातीची कबुतरे पाळत असत. मी मात्र गेल्या चौदा वर्षांपासून फक्त शर्यतीचे होमर, म्हणजे दूर सोडले तरी आपल्या ढाबळीकडेच परतणारी कबुतरे, ठेवले आहेत. सध्या बत्तीस पक्षी आहेत, त्यांपैकी बावीस उडणारे आणि दहा, म्हणजे पाच जोड्या, पैदाशीसाठी आत राखलेले. नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबरपासून प्रवासी विमाने सुरू झाली. धावपट्टीचे पूर्वेकडील टोक माझ्या गच्चीपासून सरळ रेषेत साधारण साडेतीन किलोमीटरवर येते. ढाबळ आधीची की विमानतळ आधीचा, हा वाद मला घालायचा नाही. ढाबळ हलवायची हे मी ठरवले आहे. ती कशी हलवावी हे कळेनासे झाले आहे, म्हणून हा धागा.

अडचण नीट लक्षात यावी यासाठी थोडे सविस्तर लिहितो. धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे आणि विमान वाऱ्याला सामोरे जात उतरते, त्यामुळे खाडीकडून पश्चिमेचा वारा सुटला की विमाने पनवेलच्या बाजूने येतात. उतरण्याचा कोन सुमारे तीन अंशांचा असतो असे धरले, तर आमच्या भागात विमान जमिनीपासून ढोबळमानाने १८० ते २०० मीटरांवर येते. माझे पक्षी सकाळच्या सरावात पन्नास ते दीडशे मीटरांवर घिरट्या घालतात, आणि हवा चांगली असली की त्याच्याही वर जातात. हा हिशेब मी वहीत मांडला, त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

सुरुवातीला विमानांची वेळ सकाळी आठ ते रात्री आठ अशी होती. मी पक्षी साडेसहाला सोडून साडेसातच्या आत दाण्यावर उतरवून घेत असे आणि आपण मोठी शिस्त पाळत आहोत अशा समजुतीत होतो. मग एका रविवारी बहिरी ससाण्याने थव्यावर झडप घातली आणि पक्षी चहूकडे उधळले. पंधरा लगेच परतले, सात परतले नाहीत. नऊच्या सुमारास ते सातही जण एकत्र येऊन गच्चीवर फेऱ्या मारू लागले, पण भेदरलेले असल्यामुळे खाली बसेनात. मी दाण्याचा डबा वाजवत होतो, शीळ घालत होतो, आणि त्याच वेळी पूर्वेकडून एक विमान उतरत आले. विमान आणि पक्षी यांच्यात प्रत्यक्ष किती अंतर होते हे खालून सांगता येत नाही. माझे पाय मात्र लटपटत होते. त्या दिवसापासून मी एकही पक्षी सोडलेला नाही, आणि बावीस होमर जाळीआड बसवून ठेवणे म्हणजे काय, हे ज्यांनी पाळले आहेत त्यांना सांगायला नको.

'विकून टाका' हा सल्ला मला आतापर्यंत अनेकांनी दिला आहे. तो देणाऱ्यांना होमर म्हणजे काय हे माहीत नसते. दोन वर्षांपूर्वी मी एक नर अलिबागच्या एका स्नेह्यांना दिला होता. अकरा महिने तो त्यांच्याकडे जाळीत राहिला, तिथे त्याची जोड लागली, पिल्ले झाली. एके दिवशी दार उघडे राहिले आणि त्याच दुपारी तो माझ्या गच्चीवर येऊन उभा राहिला. म्हणजे मी बावीस पक्षी बावीस ठिकाणी दिले, तर धोका कमी होणार नाही, तो फक्त कधी आणि कुठून येईल हे मला कळेनासे होईल.

शर्यतीच्या वाटेचाही प्रश्न आहे. आम्ही पावसाळ्यानंतर खोपोलीपासून सराव सुरू करून सोलापूरपर्यंत जातो, म्हणजे सरळ अंतर सव्वातीनशे किलोमीटरांच्या आसपास. मध्यंतरी नकाशावर पट्टी ठेवून रेघ ओढली, तेव्हा ती पुण्याच्या लोहगाव विमानतळाला जवळजवळ चाटूनच जाते असे दिसले. चौदा वर्षांत हे पाहण्याचे मला सुचले नव्हते, याची लाज वाटते.

कायद्याचे म्हणाल तर, १९३७ च्या विमान नियमांतील ९१ वा नियम विमानतळाच्या संदर्भबिंदूपासून दहा किलोमीटरच्या आत जनावरे कापण्यास, सोलण्यास आणि पक्ष्यांना आकर्षित करणारा कचरा टाकण्यास मनाई करतो. त्यात पाळीव कबुतरे उडवण्याचा थेट उल्लेख नाही. पण नियमातली फट शोधून त्यात ढाबळ बसवण्याची माझी इच्छा नाही.

पेणला माझ्या मेव्हण्यांचे घर आहे आणि तिथली गच्ची मिळू शकते. माझे विचारणे असे आहे की, पनवेलहून उडण्याची सवय झालेले होमर पेणला बसवता, म्हणजे पेणलाच घर मानायला लावता येतात का, नसतील तर त्यांचे काय करावे, आणि ढाबळ हलेपर्यंत ही माहिती विमानतळाकडे कोणामार्फत द्यावी. आमच्या गल्लीतील एका रहिवाशाने तक्रार करण्याची भाषा केली आहे. कबुतरखाने बंद करण्यावरून मुंबईत जो वाद झाला त्यानंतर लोकांचा पारवा आणि पाळीव होमर यांत फरक करण्याचा उत्साह उरलेला नाही, आणि त्यांना दोष देता येत नाही. तक्रार होण्याआधी मीच जाऊन सांगावे, असे वाटते.

प्रतिसाद १

मी विमानतळांवरील धावपट्टी-सुरक्षेच्या कामातून निवृत्त झालो आहे. आपण पक्षी सोडणे थांबवले, हे योग्यच केले. वेळा सांभाळून उडवण्याचा विचार पुन्हा मनात आणू नका. वेळापत्रक विमान कंपनीचे असते, ससाण्याचे नसते, हे आपण स्वतःच अनुभवले आहे.

कबुतर लहान आहे असे बहुतेकांना वाटते, म्हणून एक हिशेब देतो. साडेचारशे ग्रॅमचा पक्षी आणि ताशी अडीचशे किलोमीटर वेगाने उतरणारे विमान यांच्या टकरीत जेवढी ऊर्जा असते, तेवढी दहा किलोचे वजन सुमारे अकरा मीटरांवरून सोडल्यावर मिळते. तोही एकटा पक्षी. शर्यतीची कबुतरे घट्ट थव्याने उडतात, आणि खरी भीती थव्याचीच. १५ सप्टेंबर १९८८ रोजी इथिओपियातील बहिर दार येथे उड्डाण करताना एका बोइंग ७३७ च्या दोन्ही इंजिनांत कबुतरे शिरली. परत उतरण्याच्या प्रयत्नात विमान कोसळले आणि १०४ जणांपैकी ३५ जणांचा मृत्यू झाला. ती तिकडची रानटी ठिपकेदार कबुतरे होती, पण इंजिनाला त्याने काही फरक पडत नाही. तैवानमध्ये कबुतरांच्या शर्यतींचे वेड आपल्यापेक्षा कितीतरी मोठे आहे, आणि तिथल्या नागरी विमान कायद्यातच विमानतळाभोवतीच्या ठरावीक अंतरात उडती कबुतरे पाळण्यास मनाई आहे.

माहिती कोणाला द्यावी, याचे उत्तर सोपे आहे. विमानतळाच्या परिसरातील पक्षी आणि कचरा यांच्यासाठी स्थानिक प्रशासन व विमानतळ यांची संयुक्त समिती असते. विमानतळ संचालकांच्या नावे लेखी पत्र द्या आणि त्याची प्रत महानगरपालिकेला द्या. पत्रात ढाबळीचे नेमके ठिकाण, पक्ष्यांची संख्या, उडवणे बंद केल्याची तारीख आणि हलवण्याची मुदत लिहा. आपण दोषी म्हणून जात नाही, माहिती देणारे म्हणून जात आहात, हे पत्राच्या सुरातून दिसू द्या.

आणखी एक गोष्ट, जी आपल्या लिहिण्यात आली नाही. ढाबळीखाली सांडलेल्या दाण्यावर पारवे जमतात का? जमत असतील तर आपले बावीस पक्षी बंद राहूनही धोका चालूच आहे. दाणा आतच, मोजून, उथळ पन्हळीत घाला आणि गच्ची रोज झाडून घ्या.

प्रतिसाद २

मी मूळचा साताऱ्याचा. नोकरीमुळे वीस वर्षे चेन्नईत आहे. येथे होमरच्या शर्यतींचा नाद जुना आहे आणि घर बदलताना मी स्वतः या फेऱ्यातून गेलो आहे.

उडालेले जुने पक्षी पेणला बसवण्याच्या भानगडीत पडू नका. पेण आपल्यापासून सरळ तीस किलोमीटरही नाही. अनुभवी होमरला ते अर्ध्या तासाचे काम आहे. या बावीस पक्ष्यांचे उडणे संपले, असे मनाशी धरा. त्यांच्याही जोड्या लावा आणि पेणला मोठी, उन्हाची, सर्व बाजूंनी बंद जाळी बांधून त्यांना पैदाशीसाठी ठेवा. अंडी साधारण अठरा दिवसांत फुटतात, पिल्लू चार आठवड्यांत स्वतः दाणे टिपू लागते. ते पेणला जन्मलेले असेल तर त्याचे घर पेणच. त्याने आकाश पाहण्याआधी गच्चीवरच्या लहान पिंजऱ्यातून त्याला आठवडाभर आजूबाजूचा परिसर पाहू द्या. पहिल्यांदा सोडाल ते संध्याकाळी, अर्धपोटी.

पनवेलची ढाबळ मात्र लगेच मोडू नका. पेणहून एखादा जुना नर निसटला आणि त्याला इकडे ढाबळच दिसली नाही, तर तो त्याच आकाशात दिवसभर फिरत राहील. एक खण आणि आत येता येईल पण बाहेर जाता येणार नाही असे दार, एवढे तरी वर्षभर राहू द्या. आलेला पक्षी दोन मिनिटांत आत गेला पाहिजे.

आपली सोलापूरची रेघ मी पेणपर्यंत ओढून पाहिली. ती लोहगावपासून पंधरा-सोळा किलोमीटर दक्षिणेला सरकते आणि कात्रजच्या बाजूने जाते. कबुतरे रेघेवर उडत नाहीत, रस्ते आणि डोंगररांगा धरून वळतात, हे आपण जाणताच. तरीही सोडण्याची जागा आणखी दक्षिणेकडे घेतली तर बरे.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. पत्राचा मसुदा आज लिहिला आहे. सोमवारी स्वतः जाऊन देतो आणि पोच घेतो. दाण्याबद्दल आपण बरोबर ताडलेत. आज सकाळी जिन्याच्या छपरावर पारवे मोजले, सतरा होते, आणि इतकी वर्षे मी त्यांच्याकडे पाहुणे म्हणूनच पाहत होतो.

आता एकच शंका उरली आहे. मेव्हण्यांनी कबुतरे कधी पाळलेली नाहीत आणि मला पेणला आठवड्यातून दोनदाच जाता येईल. पिल्लांच्या पहिल्या उड्डाणाच्या आठवड्यात मी सुट्टी घेईन, पण जुन्या पक्ष्यांच्या जाळीचे दार नवख्या माणसाच्या हातून उघडे राहू नये यासाठी दुहेरी दारांची बांधणी कोणी केली असल्यास, दोन दारांमध्ये किती जागा ठेवली आणि ती आतल्या बाजूने उघडतात की बाहेरच्या, हे कृपया कळवावे. सुतार गुरुवारी येणार आहे.